सेकंडहँड गाडी घेताना आणि घेतल्यानंतर

गांधीबागेत थान घेताना कोणताही दुकानदार नुसती वरची घडी पाहून पैसे देत नाही. थान उलगडतो, पोत चोळून पाहतो, किनार तपासतो, मधल्या घडीत डाग किंवा तुटलेला धागा नाही ना याची खात्री करतो. मीटरमागे दोन-चार रुपयांसाठी आपण एवढी चौकशी करतो. पण तोच दुकानदार दोन-अडीच लाखांची जुनी गाडी घ्यायला निघतो तेव्हा रात्री दुकान वाढवून जातो, दिव्याच्या उजेडात पॉलिश केलेला रंग पाहतो, गल्लीतून एक चक्कर मारतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. ऐब आतल्या घडीत असतो, आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर येतो.

आपल्या बांधवांत कापडवाले आहेत, चप्पल आणि फर्निचरचे कारागीर आहेत, बेकरीवाले आहेत, कामठीचे विणकर आहेत. आठवडी बाजारासाठी माल न्यायचा तर गाडी लागतेच. मारुतीची ओम्नी २०१९ मध्ये बनायची बंद झाली, तरी जुन्या ओम्नी अजून हातोहात फिरतात, आणि आता ईकोला मागणी आहे. हा पैसा बहुधा दुकानाच्या भांडवलातूनच निघतो. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की मिस्त्रीचे बिल एकीकडे आणि बुडालेला बाजार दुसरीकडे, असा दुहेरी फटका बसतो. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

नागपुरात गाडी घेताना पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. अंबाझरी ले-आऊटसारख्या भागांत घरांसमोर उभ्या गाड्या बुडाल्या. मोर भवन बसस्थानकातल्या बसगाड्याही पाण्यात उभ्या होत्या. अशा गाड्यांचे पुढे काय होते, हे समजून घेतले पाहिजे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ गेला की विमा कंपनी ती पूर्ण नुकसान धरून मालकाला पैसे देते आणि गाडी मोडीच्या भावाने निघते. घेणारा प्रत्येक वेळी ती तोडतोच असे नाही. धुऊन-पुसून, सीटची कव्हरे बदलून ती पुन्हा बाजारात उभी राहते. याच शहरात विकली जाईल असेही नाही. आणि दुसऱ्या शहराच्या पुरातली गाडी आपल्याकडे येत नाही, असेही समजू नये.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू होते, चालते, एसीही थंड करतो. खरी खराबी वायरिंगमध्ये असते. गालिच्याखालून जाणाऱ्या तारांचे जोड आणि इंजिनचा कारभार पाहणारा संगणक यांच्या पितळी टोकांना हळूहळू गंज चढतो. मग सहा महिन्यांनी कधी काच खाली जात नाही, कधी गाडी भर रस्त्यात बंद पडते, आणि मिस्त्री एकेक पार्ट बदलत राहतो. एअरबॅग ऐनवेळी उघडेल की नाही, याचाही भरवसा राहत नाही.

हे ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. रोजच्या वापरात जो भाग आत गुंडाळलेला राहतो, त्यावर चिखलाची रेषा दिसली तर तिथेच सौदा थांबवावा. गालिचा एका कोपऱ्यातून उचलून खालच्या पत्र्याला हात लावावा. सीटखालचे नट-बोल्ट आणि सीट सरकवायची पट्टी पाहावी. पाच-सहा वर्षांच्या गाडीत हे बोल्ट गंजलेले असण्याचे सहसा कारण नसते. स्टेपनीची खोबण, फ्यूज-पेटीतील हिरवट पूड, हेडलाइटच्या आतला पाण्याचा ओघळ, हे सगळे बोलते. काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात उभी ठेवावी आणि मग दार उघडून वास घ्यावा. आत तीन-तीन अत्तराच्या बाटल्या लटकत असतील तर अधिकच लक्ष द्यावे.

विम्याचा कागदही पाहावा. सात-आठ वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर ‘नो क्लेम बोनस’ शून्य असेल तर एकतर विम्यात खंड पडलेला असतो, नाहीतर नजीकच्या काळात दावा झालेला असतो. कसला दावा, हे मालकाला सरळ विचारावे.

इंजिन पाहायचे तर सकाळी जावे आणि आधी फोन करून सांगावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावून पाहावा. ते गरम लागले तर समजावे की कुणीतरी आधीच सुरू करून ठेवली आहे, कारण थंड इंजिनच आपले ऐब दाखवते. सुरू होताच निळसर धूर आला तर इंजिन ऑईल खात आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट जळत असण्याचा संशय घ्यावा. ऑईल भरायचे झाकण उघडून पाहावे. आत लस्सीसारखा पांढरा फेस असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळत आहे. आपला मिस्त्री सोबत न्यावा, त्याची दिवसाची मजुरी द्यावी. विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री नको. यात कुणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. आपणही कापडाचा नमुना पाहायला गिऱ्हाइकाला उन्हात जाऊ देतोच की.

सकाळी ही तपासणी झाली की दुपारी पुन्हा जावे. हे लोकांना जास्तीचे वाटते. परंतु मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ अंश तर आपल्याला दर उन्हाळ्याचे. एसी सुरू ठेवून गाडी वीस मिनिटे जागेवर चालू ठेवावी. रेडिएटरचा पंखा ठरल्याप्रमाणे चालू-बंद व्हावा, तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहावा. काटा चढू लागला तर किंमत कितीही कमी असो, घाई करू नये. जास्त तापलेल्या इंजिनचे हेड गास्केट एकदा गेले की ते काम स्वस्तात होत नाही.

किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. तो मागे फिरवणारे बाजारात आहेत. क्लचच्या पायडलचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली चकाकी आणि चालकाच्या सीटचा दबलेला कोपरा पाहावा. चाळीस हजार किलोमीटरला पायडल गुळगुळीत होत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गाडी जात असेल तर तिथे प्रत्येक वेळचा आकडा नोंदलेला असतो. मालकाला सोबत घेऊन तो पाहता येतो. टायरच्या बाजूला चार अंकी शिक्का असतो. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी इथल्या उन्हात जुने रबर कडक होऊन तडकते.

आता कागदपत्रे. इथे मी स्वतः एकदा ठेच खाल्ली आहे. २०१४ साली मी माझी जुनी व्हॅन एका दलालाला दिली. सह्या करून कोरे फॉर्म दिले, पैसे घेतले आणि विसरून गेलो. पाच वर्षांनी माझ्या नावावर चालान येऊ लागले. गाडी तीन हातांतून गेली होती, पण आरटीओच्या दप्तरी मालक मीच. सुदैवाने प्रकरण चालानांवर निभावले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार राहतो. त्या प्रकरणातील गाडीही अशीच नाव न बदलता हातोहात फिरलेली होती.

म्हणून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही फॉर्म २९ व ३० स्वतः भरून दाखल करावेत. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. दलालामार्फत व्यवहार असेल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची अधिकृत मान्यता लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९-सी ने होते. मान्यता आहे का, हे विचारायला संकोच कसला?

चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. तो आरसीवरून वाचून गाडीवर ठोकलेल्या नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहावा. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बोजा चढलेला असतो. ‘कर्ज फिटले आहे’ हे तोंडी ऐकून पैसे देऊ नयेत. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन एचपी उतरवल्याशिवाय गाडी खऱ्या अर्थाने आपली होत नाही. नोंदणीचा नंबर टाकला की सरकारी ‘एम-परिवहन’ ॲपवर बोजा, विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत दिसते. एमएच-३१ शहर, एमएच-४९ पूर्व नागपूर आणि एमएच-४० ग्रामीण, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडची सीमा जवळ असल्याने तिकडच्या पासिंगच्या गाड्याही येतात आणि वीस-तीस हजारांनी स्वस्त दिसतात. त्यांना तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ वरची ना-हरकत आणावी लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. हा हिशेब मांडला की स्वस्ताई बहुधा उरत नाही. पंधरा वर्षे पुरी होत आलेल्या गाडीबाबतही तसेच: नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा.

विम्याबाबत दोन गोष्टी बहुतेकांना माहीत नसतात. गाडी आपल्या नावावर झाली की दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा गाडीसोबत येतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा चालू ठेवायचा तर चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याचाच राहतो.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्यांसाठी अधिक महत्त्वाची आहे. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या नावाखाली छोट्या अक्षरांत लिहिलेले असते की, नमुने आणि स्वतःचे सामान सोडून माल वाहण्यासाठी केलेला वापर विम्यात धरलेला नाही. म्हणजे पांढऱ्या पाटीच्या ईकोच्या मागच्या सीटा काढून आपण साड्यांचे गठ्ठे भरले आणि अपघात झाला, तर कंपनी दावा नाकारू शकते. माल आपल्याच दुकानाचा होता, हे उत्तर तिथे पुरत नाही. रोज माल न्यायचा असेल तर मालवाहू म्हणून नोंदलेली गाडीच घ्यावी. फिटनेसचा त्रास आहे, परंतु माल आणि गाडी दोन्ही उघड्यावर तर राहत नाहीत. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेले हवे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. त्याची पट्टी सिलिंडरवरच असते.

गाडी घरी आली. आता बहुतेक जण पहिल्यांदा सीटकव्हर आणि टेप बसवतात. माझा सल्ला असा की, किमतीचा दहावा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवावा आणि पहिल्या आठवड्यात तो गाडीच्या पोटात घालावा. ‘सर्व्हिस आत्ताच केली आहे’ असे प्रत्येक विकणारा सांगतो. बिल असेल तरच मानावे. इंजिन ऑईल आणि फिल्टर, एअर फिल्टर, गिअर ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल, सगळे एकदम बदलून घ्यावे. त्या दिवसापासून आपला हिशेब सुरू होतो. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि जोरात ब्रेक लावताना तापून दगा देते, तरी लोक ते वर्षानुवर्षे बदलत नाहीत. कूलंटच्या जागी नळाचे किंवा बोअरचे पाणी टाकायची सवय तर आपल्याकडे फारच आहे. खाऱ्या पाण्याचा थर रेडिएटरच्या नळ्यांत चढतो आणि मे महिन्यात त्याचा जाब द्यावा लागतो. आणि गरम इंजिनचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. वाफेने हात-तोंड भाजते.

पेट्रोलच्या गाडीत आणखी एक. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रबरी नळ्या आणि वायसर कडक किंवा ओले दिसले तर बदलून टाकावेत. पेट्रोलचा वास आला तर तो दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, विशेषतः गाडीत कापड असताना.

माल भरताना वजनाचा अंदाज घ्यावा. कापडाचा गठ्ठा दिसायला लहान, पण चार माणसांनी उचलायचा असतो. चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी हवेचा वेगवेगळा दाब लिहिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. जड गठ्ठा मागच्या दारापाशी न टाकता चाकांच्या पुढे ठेवावा, नाहीतर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल पडते.

दुकानात जशी वही, तशी गाडीतही एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काम आणि रक्कम, एवढेच लिहायचे. तीन-चार महिन्यांत कळते की महिन्याला गाडी किती खाते आणि भाड्याचा टेम्पो परवडला असता की नाही. इतवारीत धान्याच्या गोदामांच्या आसपास रात्री गाडी उभी करणाऱ्यांनी दर रविवारी बोनेट उघडून पाहावे. तिथले उंदीर वायरी कुरतडतात, आणि माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराला याच कारणाने नव्या गाडीचे वायरिंग वर्षात दोनदा बदलावे लागले. त्याने आता गाडी उभी करायची जागाच बदलली आहे.