शाळा अभ्यासक्रम कुणाकडून घेतात? संस्थेला माल विकण्याआधी हा धडा समजून घ्या

दुकानात गिऱ्हाईक येतं, वस्तू बघतं, भाव करतं, पैसे देतं आणि जातं. निवडणारा, वापरणारा आणि पैसे देणारा, तिघंही बहुतेक वेळा एकच माणूस असतो. शाळा, हॉस्पिटल, नगरपालिका, कंपनी अशा ठिकाणी मात्र हे तिघं वेगवेगळे असतात. आणि ज्याला हे कळत नाही तो दहा फेऱ्या मारून, चहा पाजून, शेवटी म्हणतो, "साहेब तर हो म्हणाले होते, मग ऑर्डर गेली कुठे?"

आजच्या धड्यासाठी एक मोठं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या सरकारी शाळा नवा अभ्यासक्रम कुणाकडून घ्यायचा हे कसं ठरवतात? तिथे ही प्रक्रिया बरीचशी उघड्यावर चालते, म्हणून संस्थेची खरेदी आतून कशी असते हे नीट बघता येतं.

आधी थोडी ओळख

तिथला "स्कूल डिस्ट्रिक्ट" म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. एका शहरातल्या किंवा परिसरातल्या सरकारी शाळा चालवणारी ती संस्था असते. अशा १३ हजारांहून जास्त संस्था अमेरिकेत आहेत. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं आणि त्याखाली कारभार बघणारा सुपरिंटेंडंट.

मुलांना काय आलं पाहिजे हे राज्य ठरवतं. ते कोणत्या पुस्तकांतून शिकवायचं हे बऱ्याच राज्यांत डिस्ट्रिक्ट ठरवतं. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा अशी काही राज्यं आधी स्वतःची मान्य यादी काढतात. आणि "अभ्यासक्रम" म्हणजे नुसतं पुस्तक नाही बरं का. शिक्षकांचं मार्गदर्शक पुस्तक, मुलांच्या वह्या, चाचण्या, ऑनलाइन साहित्य आणि शिक्षकांचं प्रशिक्षण, हे सगळं एका पॅकेजमध्ये विकलं जातं.

निवडीच्या सात पायऱ्या

डिस्ट्रिक्टप्रमाणे थोडाफार फरक पडतो, पण साचा असा:

१. गरज ठरते. निकाल घसरलेत, राज्याचे निकष बदललेत किंवा जुना करार संपतोय. खरेदीची सुरुवात इथे होते, टेंडरच्या जाहिरातीपासून नव्हे.

२. समिती बसते. शिक्षक, मुख्याध्यापक, विषयतज्ज्ञ, कधी पालकही. कॅलिफोर्नियात तर शिक्षकांचा ठोस सहभाग असलाच पाहिजे असं कायदाच सांगतो.

३. प्रस्ताव मागवतात. काय हवंय, किती शाळा, किती वर्षं, कोणती कागदपत्रं, शेवटची तारीख.

४. गुण देतात. समितीकडे गुणपत्रक असतं: निकषांशी मेळ, शिक्षकाला वापरायला सोपं आहे का, इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांची सोय, प्रशिक्षण, किंमत. एडरिपोर्ट्स नावाची ना-नफा संस्था अभ्यासक्रमांना हिरवा, पिवळा, लाल असा शेरा देते. अनेक समित्या तो शेरा आधी बघतात.

५. पायलट होतो. दोन-तीन अभ्यासक्रम काही वर्गांत प्रत्यक्ष वापरून बघतात.

६. लोकांसमोर ठेवतात आणि बोर्ड मत देतं. पालक पुस्तकं बघतात, प्रश्न विचारतात. त्यानंतर मतदान.

७. करार आणि अंमलबजावणी. पुस्तकं पोचवणं, शिक्षकांना शिकवणं, वर्षभर मदत करणं.

आता वेळेचं गणित बघा. बहुतेक डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे निर्णय त्याआधीच्या वसंतात व्हायला हवा. जो विक्रेता जूनमध्ये कॅटलॉग घेऊन जातो, त्याच्यासाठी त्या वर्षाची गाडी सुटलेली असते.

न्यूयॉर्कचं उदाहरण: वीस वर्षांची ओळख कामी आली नाही

न्यूयॉर्क शहर हे अमेरिकेतलं सर्वात मोठं स्कूल डिस्ट्रिक्ट. तिथे निवडून आलेल्या बोर्डाऐवजी शाळांचा मुख्य ताबा महापौरांकडे असतो, आणि आत ३२ छोटे शालेय जिल्हे आहेत. बरीच वर्षं कोणता वाचन अभ्यासक्रम घ्यायचा हे प्रत्येक मुख्याध्यापक आपापलं ठरवायचे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या लूसी कॉकिन्स यांचा "युनिट्स ऑफ स्टडी" तिथल्या खूप शाळांत होता. ओळख होती, शिक्षक तयार झालेले होते, नाव होतं.

पण तिसरी ते आठवीच्या साधारण निम्म्या मुलांना अपेक्षित पातळीचं वाचन येत नव्हतं. दुसरीकडे, अक्षर आणि आवाज यांचं नातं लहान मुलांना पद्धतशीर शिकवलं पाहिजे हे संशोधन लोकांपर्यंत पोचायला लागलं. २०२१ मध्ये एडरिपोर्ट्सने "युनिट्स ऑफ स्टडी"ला सर्वात खालचा शेरा दिला. २०२२ मध्ये "सोल्ड अ स्टोरी" या पॉडकास्टने पालकांमध्ये चर्चा पेटवली.

मे २०२३ मध्ये महापौर एरिक ॲडम्स आणि शाळाप्रमुख डेव्हिड बँक्स यांनी "एनवायसी रीड्स" जाहीर केलं. प्राथमिक शाळांसाठी तीनच पर्याय: "इन्टू रीडिंग", "विट अँड विझडम" आणि "ईएल एज्युकेशन". तिन्हीतला कोणता हे त्या-त्या जिल्ह्याचा सुपरिंटेंडंट ठरवणार. २०२३ मध्ये १५ जिल्हे, २०२४ मध्ये उरलेले १७. सप्टेंबर २०२३ मध्ये टीचर्स कॉलेजने कॉकिन्स यांचा प्रकल्प बंद करत असल्याचं सांगितलं.

बहुतेक जिल्ह्यांनी "इन्टू रीडिंग" घेतला. तो शहरातल्या काही शाळांत आधीपासून चालू होता आणि त्याची स्पॅनिश जोडमालिकाही आहे. स्पॅनिश बोलणारी मुलं इतकी असलेल्या शहरात ही सोय छोटी नाही. आणि एक गंमत बघा. "इन्टू रीडिंग" हॉटन मिफ्लिन हारकोर्ट या कंपनीचा, आणि "युनिट्स ऑफ स्टडी" छापणारी हाइनमन ही त्याच कंपनीची शाखा! एका खिशातून गेलं, दुसऱ्या खिशात आलं. ज्याच्याकडे एकच प्रॉडक्ट असतं त्याला असं सावरता येत नाही.

नवा निर्णय सगळ्यांना आवडला असंही नाही. मुख्याध्यापकांच्या संघटनेने निवडीचा अधिकार काढून घेतल्याबद्दल नाराजी सांगितली. शिक्षक संघटनेने पाठिंबा दिला, पण आधी नीट प्रशिक्षण द्या असा आग्रह धरला.

इथून काय शिकायचं? कॉकिन्स यांची ओळख मुख्याध्यापकांशी होती. निर्णय मात्र एक मजला वर सरकला आणि गुणपत्रकातला प्रश्नच बदलला. तुमची ओळख ज्याच्याशी आहे, त्याच्या हातून निर्णय काढून घेतला तर तुमच्याकडे काय उरतं? उरतं एकच: तुमचा माल काम करतो याचा पुरावा.

लॉस एंजेलिसचं उदाहरण: मोठी ऑर्डर, अर्धवट माल

जून २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या बोर्डाने ॲपलबरोबर सुरुवातीचा ३ कोटी डॉलरचा करार मंजूर केला. प्रत्येक मुलाला आयपॅड, आणि त्यात पिअरसन कंपनीचा डिजिटल अभ्यासक्रम. करार झाला तेव्हा तो अभ्यासक्रम पूर्ण तयार नव्हता! शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच हायस्कूलच्या मुलांनी आयपॅडवरची बंधनं काढून टाकली.

पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये ईमेल बाहेर आले. टेंडर निघण्याआधीच सुपरिंटेंडंट जॉन डीझी आणि त्यांचे अधिकारी दोन्ही कंपन्यांशी बोलत होते. डीझींनी काही गैर केल्याचं नाकारलं. पण करार थांबला, ऑक्टोबरमध्ये त्यांनी पद सोडलं, डिसेंबरमध्ये एफबीआयने कागदपत्रं नेली. २०१५ मध्ये ॲपलने तडजोडीत ४२ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. २०१७ मध्ये आरोप न ठेवता चौकशी संपली.

म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही, तरी करार गेला आणि खुर्चीही गेली. सरकारी खरेदीत व्यवहार स्वच्छ असून भागत नाही, तो स्वच्छ दिसलाही पाहिजे. टेंडरआधी अधिकाऱ्याला भेटू नका असं मी म्हणत नाही. माहिती द्या, नमुना दाखवा. पण "अट आमच्या मालाला बसेल अशी टाका" इथे गाडी गेली की थांबा.

फुकट माल देऊन धंदा कसा होतो?

"इलस्ट्रेटिव्ह मॅथेमॅटिक्स" ही ना-नफा संस्था. तिचा गणित अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत मिळतो. मग पैसे कशाचे? छापील पुस्तकांचे, डिजिटल सुविधांचे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे. ते काम भागीदार कंपन्याही करतात. २०२४ मध्ये न्यूयॉर्कने हायस्कूलच्या पहिल्या बीजगणितासाठी हाच अभ्यासक्रम ठरवला.

संस्थेला वस्तूपेक्षा ती वस्तू वर्गात चालण्याची खात्री हवी असते. पुस्तक सगळेच देतात. नोव्हेंबरमध्ये शिक्षक अडला तर फोन कोण उचलणार, याचे पैसे असतात.

आता आपल्याकडे या

महाराष्ट्रात राज्य मंडळाची पहिली ते आठवीची पुस्तकं बालभारती करते, त्यामुळे झेडपी अभ्यासक्रमाचं असं टेंडर काढत नाही. पण बेंच, प्रयोगशाळेचं साहित्य, डिजिटल क्लासरूम, खेळाचं सामान, प्रशिक्षण, हे घेतलं जातं. खाजगी इंग्रजी शाळा तर प्रकाशकही स्वतः निवडतात. तिथे शिक्षिका वापरते, प्रिन्सिपल सुचवतात, ट्रस्टी सही करतात आणि फी पालक भरतात. चार माणसं, चार वेगळे प्रश्न. शिक्षिकेला वेळ वाचायला हवा, प्रिन्सिपलना तक्रार नको, ट्रस्टींना खर्च बसवायचाय, पालकांना मुलाची प्रगती दिसायला हवी. एकच ब्रोशर चौघांना देऊ नका.

केंद्र सरकारच्या खात्यांसाठी आणि सार्वजनिक कंपन्यांसाठी २०१२ चं खरेदी धोरण आहे. वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांचा आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा. बयाणा रकमेतही सूट मिळते. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. नुसत्या ट्रेडिंगला हा फायदा नाही. राज्य सरकार आणि झेडपीचे खरेदी नियम वेगळे, म्हणून प्रत्येक टेंडरची अट स्वतः वाचा.

रेट भरण्याआधी हे गणित करा

समजा ४० शाळांना विज्ञान किट द्यायचंय. रेट १२,००० रुपये, तुमचा खर्च ८,०००.

- वरवरचा नफा: ४,००० × ४० = १,६०,०००
- प्रशिक्षणाच्या प्रत्येक शाळेत दोन फेऱ्या, फेरीला १,०००: ८०,०००
- तुटफूट बदलून देणं, शाळेला ५००: २०,०००
- उरले: ६०,०००
- तुमचे अडकलेले पैसे: ३,२०,००० + १,००,००० = ४,२०,०००. बिल चार महिन्यांनी निघालं आणि उसन्या पैशांवर महिना दीड टक्का व्याज धरलं, तर २५,२००
- हातात: ३४,८००

आता "काहीही करून ऑर्डर मिळवायचीच" म्हणून रेट १० टक्के खाली आणला. विक्री ४८,००० ने घटली. म्हणजे १३,२०० रुपये खिशातून गेले, आणि वर ४० शाळांची जबाबदारी. मग आपण काय करतो? प्रशिक्षणाची दुसरी फेरी टाळतो. किट कपाटात पडतं, मुलं प्रयोग न करताच पुढच्या वर्गात जातात आणि पुढच्या वर्षी ती संस्था तुम्हाला बोलावत नाही.

म्हणून प्रशिक्षण आणि दुरुस्ती कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. समितीला कळू दे की स्वस्त कोटेशनमध्ये काय नाहीये.

या आठवड्याचा गृहपाठ

एक संस्था निवडा. वहीत पाच उत्तरं लिहा:

१. माझा माल वापरणार कोण, सुचवणार कोण, सही करणार कोण?
२. त्यांचं बजेट कोणत्या महिन्यात ठरतं?
३. दोन ठिकाणी पायलट केला तर मला किती खर्च येईल आणि मी काय मोजून दाखवीन?
४. माझ्या ओळखीच्या साहेबांची उद्या बदली झाली, तर फाइलमध्ये माझ्या बाजूने कोणता कागद असेल?
५. बिल सहा महिने लांबलं तर मी तग धरू शकतो का?

पाचव्याचं उत्तर "नाही" असेल तर छोटी ऑर्डर घ्या. चार शाळांचं काम चोख केलंत, त्यांच्या मुख्याध्यापकांचं पत्र घेतलंत, की पाचव्या शाळेच्या समितीत तुमची बाजू तेच पत्र मांडेल.

तुमचं गणित करून बघा आणि कुठे अडलं ते कमेंटमध्ये आकड्यांसकट लिहा. भेटू पुढच्या धड्यात!