उन्हाळी भटकंती आणि मित्र

आपल्याकडे डिसेंबरात थंडी असते, तेव्हा ऑस्ट्रेलियात कडक उन्हाळा असतो. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये मित्रासोबत दोन दिवस तंबूत राहायचं, रानवाटा तुडवायच्या, म्हणजे मजाच! पण तिथल्या निलगिरीच्या पानांत तेल असतं. ठिणगी पडली की वणवा भडकतो. म्हणून 'टोटल फायर बॅन' असेल त्या दिवशी शेकोटी पेटवू नका. चालणं सकाळीच उरका, पाणी भरपूर घ्या, परतायची वेळ घरी सांगून ठेवा. उन्हात मित्र असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला, लगेच 000 ला फोन करा. वाट पुढच्या वेळीही तिथेच असेल. आधी मित्राला जपा!