एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नकोस

बायो, लावणीच्या दिवसांत घरात कुणाला ताप आला की आपण रक्त तपासायला धावतो. धावावंच. पण हातात येणाऱ्या त्या कागदावर किती विसंबायचं, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यातला ताप एकाच जातीचा नसतो गो. उंदीर-गुरांची लघवी मिसळलेल्या चिखलात उभं राहिलं आणि पायाला भेग असली की लेप्टो शिरतो. डासांमुळे डेंग्यू आणि मलेरिया. झाडोऱ्यातल्या, डोळ्यांना दिसतही नाहीत अशा किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस. सुरुवातीला सगळ्यांची लक्षणं सारखीच: थंडी, डोकेदुखी, अंगदुखी. शिवाय एकाच माणसाला दोन ताप एकदम होऊ शकतात. डेंग्यू निघाला की बाकीच्यांचा विचारच थांबतो, तिथे माझा जीव घाबरतो.

लेप्टोची नेहमीची चाचणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी रक्त दिलंस तर लेप्टो असूनही 'निगेटिव्ह' येऊ शकतं. डेंग्यूचं उलट: एनएस१ चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, नंतर मंदावते, मग प्रतिपिंडांची आयजीएम चाचणी पाहायची. म्हणून ताप कोणत्या तारखेला चढला ते कॅलेंडरवर लिहून ठेव आणि डॉक्टरांना आधी तेच सांग.

पॉझिटिव्हलाही भुलू नकोस. प्रतिपिंडं कित्येक महिने रक्तात राहतात आणि एका तापातली प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत खोटी रेघ उमटवू शकतात. खात्री हवी तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा रक्त घेऊन प्रमाण चौपट वाढलं का ते बघतात. टायफॉइडसाठी करतात ती विडाल तर १८९६ सालची चाचणी! जुन्या संसर्गामुळे किंवा लशीमुळेही ती पॉझिटिव्ह येते. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवलेलं मला मुळीच पटत नाही. त्यासाठी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर हवं.

हा घोळ फक्त आपलाच नाही. अमेरिकेत गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो आणि तीच गोचीड बॅबेसिओसिस, ॲनाप्लाझ्मोसिस हे आजारही देऊ शकते. लाइमची चाचणीही पहिल्या आठवड्यांत पुष्कळदा रिकामी जाते, आणि बरोबरचा दुसरा आजार मागे राहतो. आपल्या शेजारी सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात, २०१६मध्ये माकडताप आला. तोही गोचिडीचाच आणि काजूच्या हंगामातला. तिकडे जंगलात गेलेल्या माणसाला ताप आला तर ते आवर्जून सांग.

आता मुद्द्याचं. लेप्टो किंवा स्क्रब टायफसचा दाट संशय असेल तर चांगले डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. दोन्हींवर ते चालतं. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर औषध डॉक्टरच ठरवतील, घरच्या डब्यातली गोळी देऊ नकोस. अंघोळीच्या वेळी काख, जांघ, स्तनांखाली बघ: न दुखणारी काळी खपली दिसली तर लाजू नकोस, दाखव. स्क्रब टायफसची ती मोठी खूण आहे, आणि ती दिसली तर डॉक्टर कागदावर अडून राहणार नाहीत. खपली नाही दिसली म्हणून तो आजार नाही, असंही मात्र समजू नकोस.

लघवी कमी झाली, डोळे पिवळे पडले, धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, तर रिपोर्ट काहीही असो, रात्रीची वेळ असो, थेट जिल्हा रुग्णालय गाठ. लेप्टो मूत्रपिंडं आणि फुप्फुसं धरतो, तिथे उशीर परवडत नाही. आणि ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना न घाबरता विचार, 'अजून काही असू शकेल का, रक्त पुन्हा तपासायचं का?' हे विचारणं उद्धटपणा नाही गो, बायो. विचारच.