जिभेची स्वच्छता : इयत्ता तिसरी व चौथीसाठी आरोग्याचा एक पाठ

प्राथमिक शाळेत सकाळच्या परिपाठाला जोडून नखे, केस, कपडे व दात यांची तपासणी करण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ आहे. या तपासणीत जिभेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दात पांढरे दिसले की मुख स्वच्छ झाले, अशी शिक्षकांची समजूत असते व विद्यार्थीही तीच उचलतात. परंतु दात व हिरड्या निरोगी असूनही मुखाला दुर्गंधी येत असेल, तर तिचे उगमस्थान बहुधा जिभेचा मागील भाग हेच असते.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. ज्याच्या मुखाला दुर्गंधी येते त्याला स्वतःला ती जाणवत नाही, कारण सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते. शेजारचा मुलगा सतरंजीवर थोडा सरकून बसतो. खेळात कोणी जवळ येऊन कानात गुपित सांगत नाही. आणि असे का होते हे त्या मुलाला उमगत नाही. एखाद्याने हसून बोलून दाखविले, की ते मूल तोंडावर हात धरून बोलू लागते आणि मोठ्याने वाचावयास उठत नाही. शिक्षक त्याची गणना अभ्यासात मागे पडलेल्यांत करतात. वास्तविक ते मूल एका साध्या सवयीच्या अभावी मुके झालेले असते. म्हणूनच या पाठाला आरोग्याच्या तासात स्वतंत्र स्थान देणे अगत्याचे आहे.

शिक्षकांसाठी विषयाची माहिती

जिभेचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर अंकुरक नावाचे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्या खाचांत अन्नाचे कण, तोंडातील त्वचेच्या झडलेल्या पेशी, लाळेतील चिकट द्रव्य व जंतू साचून पांढरट किंवा पिवळसर थर तयार होतो. या थराच्या तळाशी हवा पोहोचत नाही. तेथे वाढणारे जंतू प्रथिनांचे विघटन करतात व त्यातून गंधकयुक्त वायू निर्माण होतात. हायड्रोजन सल्फाइड व मिथिल मरकॅप्टन हे त्यांपैकी प्रमुख होत. नासक्या अंड्याला जो वास येतो तो याच जातीच्या वायूचा असतो. दिवसा लाळ तोंड सतत धुऊन काढीत असते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी दुर्गंधी अधिक असते. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्या व पाणी फार कमी पिणाऱ्या मुलांत ती विशेष आढळते.

जीभ घासण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सोने, चांदी, तांबे, कथील व पितळ यांच्या पट्ट्यांचा निर्देश असून त्या धारदार नसाव्यात व वाकलेल्या असाव्यात असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत लाकडाची पट्टीही चालते असे म्हटले असून ती दहा अंगुळे लांब, मऊ व गुळगुळीत असावी असा दंडक घातला आहे. धार नको व गुळगुळीतपणा हवा, हे दोन्ही नियम आजही जसेच्या तसे लागू आहेत.

मात्र या उपायाची मर्यादा शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. जीभ घासल्याने दुर्गंधी कमी होते, पण तो परिणाम काही तासच टिकतो. म्हणून ही क्रिया नित्य करावी लागते. तिने दातांची कीड थांबत नाही. त्यासाठी फ्लोराइडयुक्त पेस्टने सकाळी व रात्री दात घासणे आवश्यकच आहे. कांदा-लसणाचा वासही जिभेच्या घासणीने पुरता जात नाही. त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे श्वासात येतात व काही वेळाने तो वास आपोआप ओसरतो.

पाठाची मांडणी

वेळ : एक तासिका.

हेतू : जीभ का व कशी स्वच्छ करावी हे मुलांना कळावे व ती सवय त्यांच्या अंगी बाणावी.

साहित्य : दगडी पाटी, खरखरीत टॉवेलाचा तुकडा, भिजविलेले तांदळाचे पीठ, तांब्याभर पाणी, चमचा, लहान आरसा व जीभ घासण्याची गुळगुळीत पट्टी.

प्रस्तावना : शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत. सकाळी उठल्यावर तोंड कसे लागते? दात घासल्यावर तोंडात आणखी काय उरते? जीभ बोटाला पाटीसारखी गुळगुळीत लागते की टॉवेलासारखी खरखरीत? शेवटच्या प्रश्नावर मुलांत मतभेद होतील. ते मिटविण्याची घाई न करता प्रयोगाकडे वळावे.

प्रयोग : पाटीवर व टॉवेलावर भिजविलेल्या पिठाचा सारखाच थर द्यावा. दोहोंवर एका मुलाकडून पाणी ओतून घ्यावे. पाटी बरीचशी स्वच्छ होईल, पण टॉवेलाच्या धाग्यांत पीठ अडकून राहील. नंतर दुसऱ्या मुलाने चमच्याची कड टॉवेलावरून हलकेच ओढावी. अडकलेले पीठ कडेवर गोळा होऊन येईल. जीभ टॉवेलासारखी आहे, म्हणून नुसती चूळ भरून भागत नाही, हा निष्कर्ष मुलांच्याच तोंडून निघू द्यावा.

प्रात्यक्षिक : शिक्षकांनी मुलांसमोर स्वतःची जीभ घासून दाखवावी. त्यात संकोच मानू नये. क्रम असा : प्रथम दात घासावेत. मग जीभ बाहेर काढून, सोसेल तितकी मागे पट्टी टेकवावी व हलक्या हाताने पुढे ओढावी. पट्टी धुऊन हीच क्रिया तीन-चार वेळा करावी. शेवटी चूळ भरावी. उमासा येत असल्यास पहिल्या दिवशी मध्यापासून आरंभ करावा व दररोज थोडे मागे जावे. दुखले किंवा रक्त आले, तर जोर अधिक झाला असे समजावे.

पट्टी प्रत्येकाची स्वतंत्र असावी. ती विकत घेण्याचा आग्रह धरू नये. दात घासण्याच्या मऊ ब्रशानेही जीभ बऱ्यापैकी स्वच्छ होते. चमच्याची कड किंवा बोटाला गुंडाळलेले ओले स्वच्छ फडकेही चालते. कडुनिंबाचे दातवण उभे चिरून वाकवून वापरण्याची जुनी रीत ज्या घरी आहे, तेथे काडीच्या कडा घासून बोथट कराव्यात, एवढी सूचना पुरे.

गृहकार्य : प्रत्येक मुलाने घरी जीभ घासण्यापूर्वी चमच्याची कड जिभेच्या मागील भागावरून ओढावी, क्षणभर थांबून वास घ्यावा आणि आठवड्यानंतर तीच परीक्षा पुन्हा करावी. निष्कर्ष वर्गात सांगण्याची सक्ती नसावी. ही परीक्षा ज्याची त्याने आपल्यापुरती करावयाची आहे.

पाठ देताना घ्यावयाची दक्षता

हा पाठ निष्काळजीपणे दिल्यास हिताऐवजी अहितच होईल. कोणाही मुलाचे तोंड हुंगून पाहू नये व वर्गनायकास तसे करू देऊ नये. ‘याच्या तोंडाला वास येतो’ असे वाक्य वर्गात उच्चारले गेले, तर त्या मुलाच्या दृष्टीने पाठ तेथेच संपतो. उदाहरणासाठी मूल निवडू नये, फळ्यावर नावे लिहू नयेत. सर्व वर्गाने एकच क्रिया एकाच वेळी करावी, म्हणजे ज्याला तिची अधिक गरज आहे तो वेगळा पडत नाही. एखाद्याशी स्वतंत्रपणे बोलणे भागच असेल, तर ते शाळा सुटल्यावर, एकांतात व दोनच वाक्यांत बोलावे.

अनेक घरांत मशेरी दातांना लावली जाते व तीच दंतमंजन म्हणून मुलांच्या हाती येते. मशेरी ही भाजलेली तंबाखू होय. तिने तोंड स्वच्छ होत नाही, व्यसन मात्र जडते, हे मुलांना स्पष्ट सांगावे. परंतु मुलाच्या आईला अडाणी ठरवील असा एकही शब्द त्यात नसावा. पालकसभेत माता उपस्थित असताना हाच विषय आदराने मांडणे अधिक फलदायी ठरते. २००३ च्या केंद्रीय कायद्यान्वये शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करण्यास मनाई आहे. तथापि शिक्षकाच्याच खिशात तंबाखूची पुडी असेल, तर कायदा, पाठ व प्रात्यक्षिक ही तिन्ही व्यर्थ होत.

आरोग्य केंद्राकडे केव्हा पाठवावे

दोन आठवडे दात व जीभ नियमित घासूनही दुर्गंधी राहिल्यास किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या, टॉन्सिल किंवा चोंदलेले नाक यांपैकी काही कारण असू शकते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर लहान मुलाने मणी, हरभरा किंवा चिंचोका नाकात घातलेला असण्याचा संभव असतो. अशा मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जीभ लाल व गुळगुळीत होऊन झोंबत असेल आणि ओठांचे कोपरे चिरले असतील, तर ते लोह वा ब जीवनसत्त्वांच्या उणिवेचे लक्षण असू शकते. याउलट काही मुलांच्या जिभेवर नकाशासारखे लाल पट्टे उमटतात व त्यांची जागा बदलत राहते. ते निरुपद्रवी असून घासून काढण्याचा यत्न करू नये.

घासून न निघणारा पांढरा वा लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या प्रौढाच्या तोंडात, कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो. मुलाच्या तोंडून ही माहिती घरी पोहोचली व एखादा आजोबा वेळीच तपासणीस गेला, तरी पाठाचे मोल झाले असे समजावे. निदान करणे हे शिक्षकांचे काम नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे मूल पोहोचविणे, एवढेच त्यांचे कर्तव्य होय.

पाठपुरावा

सवय एका तासिकेने लागत नाही. पहिला आठवडाभर परिपाठात ‘आज जीभ कोणी घासली?’ एवढेच विचारावे व हात वर न करणाऱ्यास काही बोलू नये. पुढे महिन्यातून एकदा आठवण द्यावी. पाठ कितपत रुजला हे पाहण्यासाठी लेखी चाचणीची आवश्यकता नाही. वाचनाच्या तासाला जी मुले पूर्वी तोंडावर हात धरीत, त्यांचे हात आता पुस्तकावर आहेत काय, एवढे शिक्षकांनी पाहावे.