पांढऱ्या उतारावर पाऊल टाकण्याआधी

प्रश्न : मी डोंबिवलीची. माहुली, हरिश्चंद्रगड नेहमीचे. जानेवारीत केदारकंठाला जातेय. बर्फ कुठे भक्कम, कुठे धोक्याचा, हे कसं ओळखायचं?

उत्तर : सह्याद्रीतला घसारा पायाला लगेच कळतो. बर्फ वरून सगळीकडे सारखाच दिसतो, म्हणून आधी वारा कुठून वाहिला ते पाहा. वारा एका अंगाचा बर्फ उचलून धारेपलीकडे टाकतो आणि तिथे कड्याबाहेर बर्फाचा छज्जा तयार होतो. खाली आधार काहीच नाही. नेमके तिथेच लोक फोटोला उभे राहतात!

मग उतार. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमप्रपाताचा धोका सर्वाधिक; त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचतच नाही. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून भेग पळत गेली, तर आतला थर कमकुवत आहे. आल्या वाटेने मागे फिरा. मोठ्या बर्फवृष्टीनंतर तर तीव्र उतार टाळलेलेच बरे. केदारकंठा ज्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का दांडा-२’वर नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षण तुकडी हिमप्रपातात सापडली होती.

पहाटेचा बर्फ कडक असतो, घसरायला होतं. तेव्हा बुटांना काटे लावा. दुपारी त्याच बर्फात पाय गुडघाभर रुततो. बर्फाखालून पाण्याचा आवाज आला, तर वाटाड्याला विचारल्याशिवाय ओलांडू नका.