पाठ सरळ झाली, आता खुबे सांभाळ

पेढे वाट गं, खुशाल वाट. पोर ताठ बसायला लागलं म्हणजे काय कमी झालं? पण सेरेब्रल पाल्सीच्या पोराच्या पाठीत कमरेच्या हाडापर्यंत रॉड घातले की कंबर वाकायची बंद होते. आधी बसताना थोडी पाठ वाकायची, थोडा खुबा. आता सगळं वाकणं खुब्याच्या वाट्याला. तो आखडलेला असला, मांडीमागच्या शिरा ताठ असल्या, की पोर खुर्चीत पुढे घसरतं. घरातले म्हणतील, लबाडी करतंय. लबाडी कसली, खुबा काटकोनात येतच नाही! जुनी व्हीलचेअर तशीच वापरू नकोस. फिजिओकडून पाठीचा कोन आणि गादी नव्याने बसवून घे.

डायपर बदलताना घोट्याला धरून पाय वर ओढायचा नाही. या मुलांची हाडं कच्ची असतात, मांडीचं हाड एवढ्यानेही मोडतं. मांडीखाली हात घाल, आणि एकेक मांडी हळूच बाहेर ने. काल जात होती तेवढी जात नाही, एकाच बाजूला कळवळतंय, कुशीवर वळवलं की जागं होतंय, तर डॉक्टरांना फोन कर. बोलता न येणारं पोर असंच सांगतं. मांडी अचानक सुजली, तर सकाळची वाट बघत बसू नकोस.

एक्सरेचं नीट ऐक. पाठीच्या फिल्ममध्ये खुबे धड दिसतीलच असं नाही, वेगळी फिल्म मागून घे. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीबाहेर किती सरकला ते टक्क्यांत मोजतात. 30 च्या वर गेला की सावध व्हायचं. तो आकडा तारखेसह वहीत लिही. ऑपरेशनआधीची फिल्म जपून ठेव, नाहीतर तुलना कशाशी करणार? फिल्म काढताना पाय दर वेळी सारखेच ठेवायला सांग. पाय फिरले की आकडाही फिरतो.

न चालणाऱ्या मुलांचेच खुबे जास्त सरकतात, आणि बरेचदा गुपचूप. स्वीडनमध्ये 1994 पासून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे खुबे ठरलेल्या वेळी तपासतात. तिथे निखळणारे खुबे फार कमी झाले. म्हणून दुखत नसलं तरी पुढची तारीख चुकवू नकोस. पाठीचे डॉक्टर 'छान' म्हणाले, तरी खुबे बघणारे डॉक्टर वेगळे असतील तर त्यांच्याकडेही जाऊन ये. आणि हो, रोज आंघोळीनंतर बुडाची कातडी बघ. एका बाजूला लाल चट्टा दिसला, तर भार तिरका पडतोय. खुर्चीची गादी परत दाखव.