कामोठ्यात तबेला परवडेल का?

प्रश्न : आमची कामोठ्यातली भातजमीन सिडकोने घेतली. आता इथे ताज्या दुधाला गिऱ्हाईक भरपूर आहे. उरलेल्या जागेत दहा म्हशींचा तबेला टाकावा का?
– एक वाचक, कामोठे

उत्तर : टाकू नका. गिऱ्हाईक दाराशी आहे, पण त्यामुळेच जागेला सोन्याचा भाव आहे. त्या जागेचे नुसते भाडेही दहा म्हशींच्या नफ्यापेक्षा जास्त येईल.

दूध नासते, म्हणून गोठे शहराला खेटून राहतात, असे जर्मन अर्थतज्ज्ञ फॉन थ्युनेन यांनी १८२६ मध्ये मांडले. बर्फ आणि टँकर नव्हते तोवर ते खरे होते. मुंबईतल्या म्हशी हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत झाली, तीही गोरेगावातच. पुढे शीतकरण केंद्रे आली आणि कोल्हापूरचे ‘गोकुळ’ मुंबईकरांच्या चहात पडू लागले.

आता निर्णय चाऱ्यावर होतो. दुधाच्या खर्चात चारा आणि पेंड यांचाच वाटा मोठा. एक म्हैस दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवा चारा सहज खाते. एवढा चारा कामोठ्यात आणण्यापेक्षा दूध आणणे कितीतरी स्वस्त! उसाच्या पट्ट्यात वाढे मिळतात, शेणही शेतात जिरते. इथे शेण उचलायलाच पैसे मोजाल. शिवाय शहरी भागात जनावरे पाळायला १९७६ च्या राज्य कायद्यानुसार परवाना लागतो.

धंदा करायचाच असेल, तर कर्जत किंवा पेणच्या बाजूला, भाताचा पेंढा आणि पाणी असलेली जागा भाड्याने घ्या आणि रतीब मात्र कामोठ्यात घाला. आधी वर्षभराच्या चाऱ्याचा सौदा करा, म्हशी नंतर.